खापर रुग्णांच्या माथी कशाला?

एखाद्या कर्करुग्णाने इंटरनेटवर वाचलेल्या कुठल्याशा उपायावर विसंबून शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली आणि त्यात त्याचा जीव गेला, अशी बातमी आली की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, रुग्णांनी एकमेकांना सल्ले देणे बंद करावे आणि जे विचारायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. दुसरी बाजू तितक्याच आवेशाने म्हणते, डॉक्टरांना आजार पुस्तकातून कळतो, रुग्णाला तो देहातून कळतो, म्हणून आपल्या आजाराचा खरा जाणकार रुग्णच. रुग्णांचे ऑनलाइन बोलणे ही सगळीकडे सारखीच असणारी एक गोष्ट आहे, हे मात्र दोन्ही बाजू न तपासताच गृहीत धरतात. माझ्या मते रुग्णांनी आपसात बोलावे की नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. १९८० आणि १९९०च्या दशकांत गंभीर आजार जडलेल्या माणसांनी टेलिफोनच्या तारांना संगणक जोडून जे समुदाय उभे केले, त्यांचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते की विशिष्ट व्यवस्थेत रुग्णांचे परस्परांतले बोलणे आश्चर्य वाटावे इतके विश्वासार्ह असते आणि ती व्यवस्था मोडली की तेच बोलणे घातक ठरू शकते. तेव्हा चौकशी व्हायला हवी ती व्यवस्थेची. आपण मात्र बोलणाऱ्या रुग्णालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होतो.

हे समुदाय कोणत्या परिस्थितीत जन्मले, हे आधी आठवले पाहिजे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. पुढे ज्याला एड्स म्हटले गेले त्या आजाराची ती पहिली अधिकृत नोंद. रक्तचाचणी १९८५मध्ये आली, एझेडटी हे पहिले औषध मार्च १९८७मध्ये मंजूर झाले आणि मृत्यू खऱ्या अर्थाने रोखणारे संयुक्त उपचार हाती यायला १९९६ उजाडले. ही मधली पंधरा वर्षे ज्यांनी काढली, त्यांना ‘डॉक्टरांनाच विचारा’ हा सल्ला कुठे नेऊन सोडणार होता? प्रामाणिक डॉक्टर सांगत होते की आम्हालाही ठाऊक नाही, आणि काही डॉक्टर तर रुग्णाला हात लावायलाही तयार नव्हते. जून १९८३मध्ये डेन्व्हर शहरात जमलेल्या रुग्णांच्या एका छोट्या गटाने जाहीरनामा मांडला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसे आहोत, आणि आमच्याविषयीच्या निर्णयांच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला स्थान हवे, असे त्यांनी बजावले. पुढचे बहुतेक रुग्णसमुदाय याच वाक्यांच्या सावलीत वाढले.

त्याच सुमारास क्लीव्हलँडमध्ये टॉम ग्रंडनर यांनी एक प्रयोग चालवला होता. १९८४मध्ये त्यांनी दूरध्वनीला जोडलेल्या एका संगणकावर लोकांना आरोग्यविषयक प्रश्न विचारण्याची सोय केली. डॉक्टर एका दिवसाच्या आत उत्तर देत. त्यातूनच १९८६मध्ये ‘क्लीव्हलँड फ्री-नेट’ हे सर्वांना मोफत खुले असलेले संगणकजाल उभे राहिले आणि त्यावर परिचारिका व संशोधक असलेल्या पॅट्रिशिया ब्रेनन यांनी एड्सचे रुग्ण आणि अल्झायमरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांच्यासाठी ‘कॉम्प्युटरलिंक’ ही सेवा सुरू केली. अल्झायमर झालेल्या माणसाला घरी एकटे सोडून कुठल्या सभेला जाता येत नाही. ज्याला उसंत मिळते ती रात्री-अपरात्रीच, त्याच्यासाठी जग बंद झालेले असते. त्याच वेळी आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला तरी दोन ओळी लिहिता येणे, एवढीच ती सोय होती. शुश्रूषा करणाऱ्या १०२ जणांचा वर्षभर अभ्यास झाला. निर्णय घेताना वाटणारा आत्मविश्वास वाढल्याचे त्यात दिसले. निर्णयकौशल्य वाढल्याचे दिसले नाही आणि एकाकीपणाच्या मोजमापातही फरक पडला नाही. हा निष्कर्ष गोडगोड नाही, म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. या समुदायांची बाजू घेणाऱ्यांनी त्यांच्याविषयी खोटे दावे करण्याची काहीच गरज नाही.

या काळातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे नाव म्हणजे फिलाडेल्फियाचे कियोशी कुरोमिया. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबण्यासाठी वायोमिंगमध्ये उभारलेल्या हार्ट माउंटन छावणीत १९४३मध्ये त्यांचा जन्म झाला. नागरी हक्कांच्या चळवळीत ते घडले आणि १९८९मध्ये स्वतःला एड्स असल्याचे निदान झाल्यावर त्यांनी ‘क्रिटिकल पाथ’ हा प्रकल्प उभा केला. उपचारांची ताजी माहिती देणारे पत्रक, चोवीस तास चालणारी दूरध्वनीसेवा आणि पुढे एचआयव्हीग्रस्तांना मोफत इंटरनेट असा त्याचा विस्तार झाला. तुरुंगातल्या रुग्णांपर्यंतही ते पत्रक जात असे. १९९६मध्ये अमेरिकेने मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली इंटरनेटवरच्या ‘असभ्य’ मजकुराला गुन्हा ठरवणारा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांमध्ये कुरोमिया होते. सुरक्षित संभोग कसा करावा, हे साध्या, रोजच्या शब्दांत लिहिणे या कायद्याखाली गुन्हा ठरू शकत होते, आणि त्यांच्या वाचकांसाठी तर तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली. सद्हेतूने घातलेल्या बंदीचा पहिला घाव रुग्णांच्या बोलण्यावर कसा पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. चुकीच्या माहितीला आळा घालण्यासाठी रुग्णांच्या चर्चाच बंद करा म्हणणाऱ्यांनी तो खटला एकदा तरी वाचावा.

संगणक नव्हते तेव्हाही हे घडतच होते. लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या सरकारी कुष्ठरुग्णालयात आलेला माणूस कुटुंबाची बदनामी टाळण्यासाठी बहुधा आपले नाव टाकून देई. तिथे स्टॅन्ली स्टाइन हे नाव घेऊन राहिलेल्या एका रुग्णाने १९३१मध्ये एक नियतकालिक सुरू केले. मध्ये ते बंद पडले आणि १९४१मध्ये ‘द स्टार’ या नावाने पुन्हा उभे राहिले. स्टाइन यांची दृष्टी गेली, तरी संपादन चालू राहिले. रुग्णालयातून बाहेर जाणारी टपाले निर्जंतुक करून पाठवली जात, अशा काळात आतल्या माणसांनी छापलेला शब्द जगभर वाचला जात होता. सल्फोन गटातल्या औषधांची खबर, कुष्ठरुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या हीन शब्दाविरुद्धची मोहीम, मतदानाच्या हक्काची मागणी हे सगळे त्यात होते, आणि १९४६मध्ये त्या रुग्णांना मतदानाचा हक्क मिळालाही. टोपणनावाने बोलणारा माणूस बेजबाबदारच असणार, असे आज बेधडक म्हटले जाते. कारव्हिलची माणसे टोपणनावानेच बोलत होती. फरक एवढाच की ते नाव वर्षानुवर्षे तेच राहत होते आणि कालच्या शब्दाला आज जबाब द्यावा लागत होता.

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत, ते मान्य केले पाहिजेत. चुकीच्या माहितीने माणसे मरतात, यात शंका नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरभर न पसरलेल्या कर्करोगावर रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांना मृत्यूचा धोका अडीच पट असल्याचे आढळले. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. रुग्णांच्या चळवळीचे हातही सर्वस्वी स्वच्छ नाहीत. १९८९मध्ये पडवळाच्या कुळातल्या एका चिनी वेलीच्या मुळापासून काढलेल्या ‘कंपाउंड क्यू’ या द्रव्यावर एड्सच्या कार्यकर्त्यांनी आशा लावली, काही डॉक्टरांना सोबत घेऊन सरकारी परवानगीविना त्याची चाचणी केली आणि त्या चाचणीतल्या काही जणांचा मृत्यू ओढवला. औषध पुढे कामाचे ठरले नाही. मृत्यू दारात उभा असलेल्या माणसाची घाई समजू शकते, पण ती घाई किती महाग पडते, हेही लपवता कामा नये.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. नसलेला आजार सांगून सहानुभूती मिळवणारी माणसे या समुदायांत शिरली. मार्क फेल्डमन या मनोविकारतज्ज्ञाने २००० साली या प्रकाराला स्वतंत्र नावही दिले. ज्यांनी आपल्या आजारपणातून वेळ काढून अशा कुणाला रात्ररात्र धीर दिला आणि नंतर ते माणूसच मुळात आजारी नव्हते असे कळले, त्यांचा विश्वास कसा परत आणायचा? तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो: त्या काळी संगणक, दूरध्वनीचे बिल भरण्याची ऐपत आणि लिहिण्यावाचण्याची सवय असलेल्यांनाच हे दार उघडे होते. सर्वांत गरीब, सर्वांत वृद्ध, निरक्षर रुग्ण त्यात नव्हतेच. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या समुदायांचा गौरव करताना ही अनुपस्थिती सांगत राहणे, एवढेच करता येते.

पण पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते आकड्यांत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या, कुणीही संपादन करत नसलेल्या एका ऑनलाइन गटातले ४,६०० संदेश संशोधकांनी एकेक करून तपासले आणि २००६मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. खोटे वा दिशाभूल करणारे संदेश निघाले १०, म्हणजे ०.२२ टक्के; त्यातल्या ७ चुका इतर सभासदांनीच दुरुस्त केल्या होत्या आणि दुरुस्तीला लागलेला सरासरी वेळ होता सुमारे साडेचार तास. घाईगर्दीच्या दवाखान्यात ऐकलेली, अर्धवट समजलेली चूक दुरुस्त व्हायला पुढच्या भेटीपर्यंत थांबावे लागते. त्याआधी, २००४मध्ये, त्याच नियतकालिकात अशा समुदायांवरच्या ३८ अभ्यासांचा आढावा आला होता. आरोग्यावर ठोस सुपरिणाम झाल्याचा भक्कम पुरावा त्यात सापडला नाही, पण ज्याची भीती सगळे घालत होते त्या नुकसानीचाही पुरावा सापडला नाही. मग ज्या धोक्याच्या नावाने हा सगळा गलका चालतो, तो धोका या जुन्या गटांमध्ये इतका क्षीण का होता?

माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण सभासदांच्या चांगुलपणापेक्षा गटाच्या घडणीत आहे. तिथे माणसे महिनोन्महिने टिकत, त्यामुळे कोण अतिशयोक्ती करतो आणि कोण तोलून बोलतो, हे सर्वांना ठाऊक होई. जुने संदेश जपलेले असत. नव्याने आलेल्याला ‘आधी हे वाच’ म्हणून सांगता येई आणि तोच खोटा उपाय दुसऱ्यांदा आला तर त्याचा मागचा इतिहास काढून दाखवता येई. वेगवेगळ्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे उपचार घेणारी माणसे एका जागी आल्यामुळे एका डॉक्टरची लकब आणि वैद्यकाचा नियम यांतला भेद उघड होई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुणी तिथे अधिक वेळ रेंगाळले म्हणून कुणाच्या खिशात पैसा जात नव्हता. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. या गटांमध्ये चूक तपासणाऱ्या प्रत्येकाचे जळत होते. मध्यक जगणे आठ महिने, एवढेच वाक्य ऐकून घरी आलेल्या माणसाला अशाच ठिकाणी कुणीतरी समजावून सांगे की मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात आणि त्यातले काही कितीतरी जास्त. संख्याशास्त्राचा हा धडा द्यायला दवाखान्यातल्या काही मिनिटांत सवड कुणाला असते?

रुग्ण नेहमी आशेच्याच बाजूला झुकतात, हाही असाच एक न तपासलेला समज. २००८मध्ये इटलीतल्या संशोधकांनी लिथियममुळे एएलएस या मज्जापेशींच्या जीवघेण्या आजाराची गती मंदावते असे प्रसिद्ध केले. उपचार दिलेले रुग्ण होते अवघे १६. जगभरच्या रुग्णांनी लिथियम सुरू केले, इथपर्यंतची गोष्ट टीकाकारांच्या बाजूची आहे. पण पुढे याच रुग्णांनी ‘पेशंट्सलाइकमी’ या संकेतस्थळावर आपल्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या, लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची न घेणाऱ्या तशाच रुग्णांशी तुलना झाली आणि औषधाचा उपयोग नाही, असा निष्कर्ष २०११मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आला. रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितले. आपली शेवटची आशा खोटी आहे, हे स्वतःच्या नोंदींनी सिद्ध करायला बसलेल्या माणसांना भाबडे कसे म्हणावे? एड्सच्या चळवळीतही हेच वळण दिसते. १९८०च्या दशकात औषधे लवकर द्या म्हणून रस्त्यावर उतरलेल्यांपैकीच एका गटाने १९९४मध्ये साक्विनाव्हिर या नव्या औषधाला घाईने मान्यता देऊ नका, आधी मोठी चाचणी घ्या, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवले. चळवळीतले दुसरे लोक त्यांच्यावर संतापले. पुरावा किती हवा, यावर मरणाच्या छायेत वावरणाऱ्या माणसांनी आपसात घातलेला तो वाद मला आजच्या बहुतेक दूरचित्रवाणी चर्चांपेक्षा कितीतरी प्रगल्भ वाटतो.

आता आयुष्य वाढते का, या कसोटीविषयी. १९८९मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रिया आधारगटात होत्या त्या जवळपास दुप्पट काळ जगल्या. पुष्कळांनी ही बातमी डोक्यावर घेतली. २००१मध्ये २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः ज्या स्त्रिया सुरुवातीला अधिक खचलेल्या होत्या त्यांच्यात. यावरून आधारगट निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणारे वेदनाशामक औषधाला आयुष्य वाढवण्याची अट घालतात का? मुलांना कधी आणि काय सांगावे, केस गळू लागले की काय करावे, मृत्यूविषयी बोलू पाहणाऱ्या नवऱ्याला गप्प करावे की बोलू द्यावे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाहीत.

आणि काही वेळा रुग्णांनी विज्ञानालाच पुढे नेले आहे. हृदयाच्या धमनीचे अस्तर आपोआप फाटणे, ज्याला ‘स्कॅड’ म्हणतात, हा विकार इतका विरळ समजला जाई की बहुतेक हृदयरोगतज्ज्ञांनी त्याचे मोजकेच रुग्ण पाहिलेले असत. स्त्री हृदयरुग्णांच्या एका ऑनलाइन समुदायात अशा स्त्रिया एकमेकींना सापडल्या, त्यांच्यापैकी एकीने मेयो क्लिनिकच्या हृदयरोगतज्ज्ञ शॅरन हेज यांना गाठले आणि प्राथमिक अभ्यासासाठी १२ रुग्ण हवे असताना आठवड्याच्या आत १८ जणी पुढे आल्या. तो अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डॉक्टर की रुग्ण’ असा सामना लावणाऱ्यांनी या घटनेत कोण हरले ते सांगावे.

मग आज बिघडले कुठे? लाखोंच्या गर्दीत कोणता संदेश आधी दिसावा, हे आता सभासद ठरवत नाहीत. जो मजकूर माणसाला अधिक काळ खिळवून ठेवतो तो वर येतो, आणि भीती व चमत्कार यांच्याइतके खिळवून ठेवणारे दुसरे काही नाही. जुने संदेश शोधू म्हटले तर हाती लागत नाहीत, दुरुस्ती करणारा माणूस उद्या तिथे नसतो, चूक पोहोचते त्या वेगाने दुरुस्ती पोहोचत नाही. साडेचार तासांत चूक पकडणारी घडण काढून टाकायची आणि मग रुग्णांना चूक पकडता येत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय? कर्करोग रुग्णालये, वैद्यकीय संस्था आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांना या बाबतीत खरोखर काही करायचे असेल, तर रुग्णांनी स्वतः चालवलेल्या, एकेका आजारापुरत्या मर्यादित, लहान समुदायांना त्यांनी जागा आणि पैसा द्यावा. डॉक्टरांनी तिथे पाहुणे म्हणून यावे आणि विचारले तेव्हा उत्तर द्यावे. औषधकंपनीकडून मिळालेला प्रत्येक पैसा सभासदांना दिसला पाहिजे. निरक्षर रुग्णाला बोलून सहभागी होता येईल, अशी सोय आज तंत्राने अवघड राहिलेली नाही. त्या जुन्या समुदायांना जे जमले नाही ते आता जमू शकते.

एका गोष्टीची मात्र घाई आहे. ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी अनोळखी माणसांना केमोथेरपीच्या पहिल्या रात्रीविषयी, शेवटच्या महिन्यांविषयी तपशिलाने लिहून ठेवले, त्यांच्यापैकी कित्येक जण आज हयात नाहीत. त्यांचे संदेश कुठल्यातरी जुन्या यंत्रावर पडून आहेत आणि भाडे थकले, मालक बदलला की ते पुसले जातात. ते जपायचे कुणी, त्यातल्या खासगी गोष्टींना संरक्षण कसे द्यायचे आणि नव्या रुग्णाला ते वाचू कसे द्यायचे, हे ठरवायला विद्यापीठांची ग्रंथालये आणि त्या समुदायांतली हयात माणसे यांनी आत्ताच एकत्र बसले पाहिजे.